लाकडी बाण आणि नऊ सेकंद

जरा डोळे मिटा बघू. मिटलेत? चोरून बघायचं नाही. आता समजा, तुमच्या गळ्यात शिट्टी आहे, पायात रबरी तळव्यांचे बूट आहेत आणि तुम्ही बास्केटबॉलच्या कोर्टवर, रिंगच्या जवळ उभे आहात. समोरून एक उंच मुलगी चेंडू आपटत वाऱ्यासारखी येते. दुसरी तिच्या वाटेत उभी राहते. धाडकन टक्कर होते. दोघी जमिनीवर, चेंडू तिसरीकडेच. हॉलमधली निम्मी माणसं ओरडतात, हिनं ढकललं. उरलेली निम्मी ओरडतात, ती मुद्दाम आडवी आली.

सांगा, चूक कुणाची? वाटेतली मुलगी आधीपासून पाय रोवून उभी होती, की ऐन वेळी सरकली? तुम्ही तिचे पाय बघत होतात, की सगळ्यांसारखे तुमचेही डोळे चेंडूला चिकटले होते? आणि विचार करायला वेळ किती, तर पापणी लवेपर्यंत.

उघडा डोळे. अवघड आहे ना? पण एका घरात हा खेळ रोज चालायचा. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, केस विंचरतानासुद्धा. एक आत्या होती आणि तिची बारा वर्षांची भाची होती. भाची चणीनं लहान, एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला सगळे मुंगी म्हणायचे. आत्या मध्येच म्हणायची, "खेळाडू हवेत आहे, खालून दुसरा सरकला. काय देशील?"

"सरकणाऱ्याचा फाउल."

"चेंडू रिंगच्या काठावर आहे आणि कुणीतरी जाळी ओढली. काय देशील?"

"ओढणारा आपल्या संघाचा की त्यांचा?"

"पंचाला आपला संघ नसतो, मुंगे," आत्या म्हणायची आणि उरलेल्या शेंगा तिच्यापुढे सरकवायची. "चुकलीस. या शेंगा तू सोल."

आत्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी सामन्यांचं गुणपत्रक लिहायची. बावीस वर्षं लिहीत होती. कोर्टच्या कडेला मधोमध एक लांब टेबल असतं. तिथे आत्या, तिच्या उजवीकडे घड्याळकाका, म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस, जे सामन्याचं घड्याळ चालवायचे, आणि डावीकडे आणखी एक जण. या तिसऱ्या माणसाकडे तीन कामं. कुणाचे किती फाउल झाले त्या आकड्यांच्या पाट्या दाखवायच्या, पंचांना थांबवायचं असेल तर बझर दाबायचा, आणि लाकडी बाण फिरवायचा.

या बाणाचं गणित सोपं आहे. कधीकधी दोन खेळाडू एकदमच चेंडू पकडतात आणि दोघंही सोडत नाहीत. मग पंच शिट्टी वाजवतात आणि टेबलावरच्या बाणाकडे बघतात. बाण डावीकडे असेल तर चेंडू डावीकडच्या बाकावरच्या संघाला, उजवीकडे असेल तर उजवीकडच्या. एकदा दिला की बाण लगेच उलटा फिरवायचा, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्यांची पाळी. भांडणच नको.

आत्याच्या टेबलावर यासाठी एक रीत होती. जो बाण फिरवील त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "फिरवला." शेजारच्यानं बाणाकडे नजर टाकून म्हणायचं, "बघितला." बावीस वर्षांत या रीतीमुळे बाण एकदाही चुकला नव्हता. इतर कॉलेजांतले लोक हसायचे. म्हणायचे, ग्रंथालयातल्या बाई, पुस्तक परत घेतल्याचा शिक्का मारल्यासारखं काय करता? आत्या म्हणायची, "पुस्तकही हरवत नाही आणि बाणही."

तर त्या दिवशी उपांत्य सामना होता. आत्याच्या कॉलेजचे निळे आणि पलीकडच्या कॉलेजचे पिवळे. तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला सकाळी ताप भरला. आयोजक डोकं धरून बसले. आत्या म्हणाली, "माझी भाची दोन वर्षं सरावाच्या सामन्यांना माझ्या शेजारी बसते. तिला बसवू का?" आयोजकांनी मुंगीकडे वरून खाली बघितलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"हिचे पाय तरी पोचतात का जमिनीला?"

"बाण हातानं फिरवतात," मुंगी म्हणाली.

झालं, मुंगी बसली. खाली दोन जाडजूड नोंदवह्या ठेवून बसली, पण बसली. एकच गोष्ट अडचणीची होती. निळ्यांचा सात नंबर तिचा दादा होता. सख्खा. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. हा सामना हरला तर निळी जर्सी कायमची धुऊन ठेवायची, जिंकला तर अंतिम सामना. गेले आठ दिवस तो जेवताना बोलत नव्हता, आणि झोपेत बोलत होता.

"टेबलावर बसलं की नाती टेबलाखाली ठेवायची," आत्यानं बजावलं. "टाळ्या नाही, हळहळ नाही, चेहरासुद्धा नाही. जमेल?"

"जमेल."

आणि खरंच जमत होतं. दादानं लांबून पहिली बास्केट केली तेव्हा मुंगीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. घड्याळकाका तिरप्या डोळ्यांनी बघत होते. म्हणाले, "श्वास घ्यायला परवानगी आहे, बेटा."

सामन्याच्या मुख्य पंच एक बाई होत्या. एरवी त्या दातांच्या डॉक्टर. मुलं म्हणायची, यांच्याशी वाद घालू नये, उद्या त्यांच्याच खुर्चीत तोंड उघडून बसायची वेळ यायची. डॉक्टरबाई फारशा बोलत नसत. शिट्टी, हाताची खूण, की पुढे. त्यांच्या जोडीला एक तरुण पंच होता, त्याचे कान प्रत्येक आरडाओरड्याला लाल व्हायचे. आणि ओरडणारे तर होतेच. पिवळ्यांच्या प्रशिक्षकांना सगळे तोफ म्हणत. तो माणूस कुजबुजला तरी दुसऱ्या टोकाच्या प्रेक्षकांना ऐकू जायचं.

सामना कधी निळ्यांकडे झुकत होता, कधी पिवळ्यांकडे. आठ मिनिटं उरली असताना दोघांनी एकदम चेंडू पकडला. डॉक्टरबाईंनी बाणाकडे बघितलं. बाण निळ्यांकडे. निळ्यांचा चेंडू. दादानं तो बाहेरून आत टाकला. कसा टाकला, तर समोर एका बाजूला बघत, भलत्याच बाजूला, आणि सगळा हॉल चकला. मुंगीला इतका आनंद झाला की दाबलेले हात सुटले. ते हात तिनं टाळीऐवजी बाणाकडे नेले, बाण पिवळ्यांच्या बाजूला फिरवला आणि म्हणाली, "फिरवला."

हॉलमध्ये कल्लोळ होता. त्याच वेळी तिच्या कोपराचा धक्का लागून फाउलच्या पाट्या खाली पडल्या. ती टेबलाखाली शिरली. वरून आत्याचा आवाज आला, "फिरवला." टेबलाखालून मुंगीनं सवयीनं उत्तर दिलं, "बघितला." पाट्या गोळा करून, नीट लावून ती वर आली तोवर खेळ दुसऱ्या टोकाला पोचला होता. ती फळ्यावरच्या आकड्यांकडे बघायला लागली.

नंतर आठ मिनिटांत पुष्कळ काही झालं, पण चेंडू काही कुणाच्या हातात अडकला नाही.

आता या शेवटाकडे. पिवळे एकसष्ट, निळे साठ. घड्याळात नऊ सेकंद. चेंडू पिवळ्यांच्या एका आडदांड मुलाकडे होता, दादानं झडप घातली आणि दोघंही चेंडूला मिठी मारून जमिनीवर लोळले. शिट्टी वाजली.

आणि मग हॉल फुटला. फाउल, फाउल. हात ओढला. अंगावर पडला. तरुण पंच लाल कानांनी डॉक्टरबाईंकडे धावला. त्या दोन पावलांवर उभ्या होत्या, त्या हलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही अंगठे वर केले. म्हणजे फाउल नाही, चार हात फक्त चेंडूवर होते, चेंडू अडकला. मग त्या टेबलाकडे वळल्या.

बाण निळ्यांकडे होता.

निळ्यांचा बाक उसळला. नऊ सेकंद, एका गुणाचा फरक आणि चेंडू हातात. एक बास्केट, की अंतिम सामना. दादा जमिनीवरूनच मूठ वर करून उठला.

"थांबा," तोफ गरजली. प्रशिक्षक टेबलाशी आले. "मागचाही यांनाच दिला होता. लागोपाठ दोनदा यांचाच कसा?"

"मध्ये एकदा तुम्हाला दिलाय," निळ्यांचे सर पलीकडून म्हणाले.

"तो मध्यंतराच्या आधी. मला शिकवू नका."

"मग वही काढा."

"मी वही ठेवत नाही, मी लक्षात ठेवतो."

"तेच तर म्हणतोय."

डॉक्टरबाईंनी हात वर केला. दोघं गप्प झाले. चेंडू कुणी पकडला, कुणाचा हात कुठे होता, हे त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकत होत्या. पण आठ मिनिटांपूर्वी बाण कुणी फिरवला ते त्यांनी बघितलेलं नव्हतं. जे आपण बघितलं नाही ते ज्यानं बघितलं त्याला विचारायचं. त्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"बाण बरोबर आहे?"

"मी स्वतःच्या हातानं फिरवलाय," आत्या म्हणाली. आवाज नेहमीसारखा, शाई सुकल्यासारखा कोरडा. "आणि हिनं बघितलाय."

डॉक्टरबाईंनी मुंगीकडे बघितलं. "बघितलास?"

मुंगीची मान हलली. वरून खाली. तिनं हलवली असं म्हणता येणार नाही. 'बघितला' असं ती तेव्हा म्हणाली होती, एवढंच तिला त्या घटकेला आठवलं, आणि मान आपली हलली.

"निळ्यांचा चेंडू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तोफेनं हातातला टॉवेल जमिनीवर आपटला. निळ्यांच्या सरांनी टाइम-आउट मागितला. एक मिनिट. खेळाडू आपापल्या बाकांकडे गेले. घड्याळकाकांनी साठ सेकंदांचं छोटं घड्याळ सुरू केलं.

साठ.

मुंगीनं बाणाकडे बघितलं. साधा लाकडाचा, लाल रंगाचा, टोकाला रंग उडालेला. तो निळ्यांकडे टोक करून निवांत पडला होता, जणू जन्मभर तिथेच होता.

मागचा चेंडू कुणाला दिला होता? निळ्यांना. तोफ खरं बोलत होती. मुंगीला पक्कं आठवत होतं, कारण तो दादानं आत टाकला होता, एकीकडे बघून दुसरीकडे. मग बाण पिवळ्यांकडे हवा. आणि तिनं तो फिरवला होता. तिच्या बोटांना ते आठवत होतं, खालच्या खिळ्याची करकरसुद्धा. 'फिरवला' असं ती म्हणाली होती.

मग आत्या का म्हणाली 'फिरवला'?

रीत मुंगीला पाठ होती. जो फिरवतो तोच 'फिरवला' म्हणतो. दुसरा 'बघितला' म्हणतो. दोघींनी 'फिरवला' म्हटलं होतं. म्हणजे दोघींनी फिरवला होता. एकीनं पिवळ्यांकडे, दुसरीनं परत निळ्यांकडे. आणि 'बघितला' ती म्हणाली तेव्हा तिला काय दिसत होतं? टेबलाचे पाय. घड्याळकाकांचे पायमोजे. एक तपकिरी, एक काळा.

बेचाळीस.

बघा हं, आता कुणालाच काही ठाऊक नव्हतं. आत्याला आपला हात आठवत होता, तो खरा होता. पंचांनी विचारायचं त्यांना विचारलं होतं. तोफ ओरडत होती, पण ती नेहमीच ओरडायची. गुणपत्रकात बाणाची नोंद नसते. सगळ्या हॉलमध्ये एका मुंगीखेरीज कुणीही जाणत नव्हतं, आणि ती पुढचं मिनिटभर गप्प बसली असती तर ते कायमचं कुणालाच कळलं नसतं. नियमच तसा आहे. चेंडू एकदा आत टाकला आणि खेळाडूचा हात लागला, की बाणाची चूक मागे घेता येत नाही.

तिनं निळ्यांच्या बाकाकडे बघितलं. सर गुडघ्यावर बसून पाटीवर रेघोट्या ओढत होते. दादा वाकून बघत होता, घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता. मध्येच त्यानं मान वर केली, त्याला मुंगी दिसली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तो हसला.

तेहेतीस.

"आत्या."

"हं." आत्या पेन्सिलीनं टाइम-आउटची नोंद करत होती.

"तेव्हा मी पण फिरवला होता."

पेन्सिल थांबली. आत्यानं मान वळवली नाही. "तेव्हा म्हणजे कधी?"

"तू फिरवलास त्याच्या आधी. मी म्हटलं होतं. तुला ऐकू गेलं नसेल."

"आणि मी म्हटलं तेव्हा तू बघितला म्हणालीस."

"मी टेबलाखाली होते."

आत्यानं बाणाकडे बघितलं. मग तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. सव्वीस झाले होते. बावीस वर्षं आत्याच्या टेबलावर बाण चुकला नव्हता. मुंगीला एकदम वाटलं, आत्या म्हणेल, गप्प बस. आणि तिला हेही कळलं की आपल्याला तेच ऐकायचंय. आत्यानं तेवढं एक वाक्य म्हटलं असतं तर सगळा भार आत्याचा झाला असता.

"किती खात्री आहे?" आत्यानं विचारलं.

"माहीत नाही. पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे काय? पंचांकडे अर्धी गोष्ट न्यायची नाही. तुझ्या अर्ध्या गोष्टीवर त्यांनी चेंडू काढून घेतला आणि उद्या तू म्हणालीस, कदाचित मी फिरवलाच नव्हता, मग?"

"तू सांग ना त्यांना."

"मी काय सांगू? माझ्या हातानं काय केलं ते मला माहीत आहे, ते मी सांगितलं. तुझ्या हाताचं मी बघितलेलं नाही. तुझ्या हाताचं तूच सांगायचं. किंवा नाही सांगायचं." आत्यानं पेन्सिल खाली ठेवली. "मी सांगणार नाही आणि मी अडवणारही नाही. एवढंच करू शकते."

"बारा," घड्याळकाका म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

शिट्टी झाली. खेळाडू परत आले. आणि चेंडू बाहेरून टाकायला कोण यावं? दादाच. जागाही नेमकी टेबलापुढची. तो मुंगीपासून दोन हातांवर, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. पाठीवरचा सात नंबर घामानं चिकटला होता. मान न वळवता तो हळूच म्हणाला, "मुंगे, बाटली भरून ठेव. आज पार्टी."

मुंगीनं परत बाणाकडे बघितलं.

तिनं मनात आत्यासारखा प्रश्न घातला. चेंडू अडकलाय. मागचा निळ्यांना दिला होता. बाण निळ्यांकडे आहे. काय देशील? अगदी सोपं होतं. घरी शेंगा सोलताना तिनं हे विचार न करता सांगितलं असतं. इथे फक्त एवढंच होतं, की उत्तर दादाच्या पाठीतून जात होतं.

डॉक्टरबाईंनी कोर्टकडे नजर फिरवली. तरुण पंचानं बोट वर केलं, सगळं ठीक. त्यांनी चेंडू दोन्ही हातांत घेतला आणि दादाकडे एक पाऊल टाकलं. एकदा चेंडू त्याच्या हातात गेला की बझर दाबायलाही मनाई. दादानं हात पुढे केले. बोटं पसरली.

मुंगीनं दोन्ही अंगठ्यांनी बझर दाबला.

तो आवाज भिंतींवर आपटून परत आला. डॉक्टरबाईंनी चेंडू मागे घेतला. दादा वळला. त्याला वाटलं घड्याळ बिघडलं, तो घड्याळकाकांकडे बघत होता.

डॉक्टरबाई टेबलाशी आल्या. "कुणी दाबला?"

"मी."

"का?"

नोंदवह्यांवर बसून बोलणं मुंगीला बरं वाटेना. ती खाली उतरली. आता टेबलावर तिचं फक्त डोकं आणि खांदे दिसत होते.

"मगाशी मी हो म्हटलं, पण मी बघितलं नव्हतं. आठ मिनिटं होती तेव्हा चेंडू निळ्यांना दिला होता. त्यानंतर मी बाण फिरवला. मग पाट्या पडल्या म्हणून मी टेबलाखाली गेले. तेवढ्यात आत्यानंही फिरवला. मी टेबलाखालून बघितला म्हणाले."

"मागचा निळ्यांनाच दिला हे नक्की?"

"दादानं आत टाकला होता. इकडे बघून तिकडे. तुम्ही तिथे त्या रेषेवर होतात."

डॉक्टरबाईंनी डोळे बारीक केले. त्या रेषेकडे बघितलं, मग परत हिच्याकडे. "हो," त्या म्हणाल्या. "मीच दिला होता त्याच्या हातात." मग आत्याला विचारलं, "तुम्ही फिरवलात तेव्हा बाण कुठे होता?"

आत्या सरळ बसली होती. "मी बाणाचं टोक बघितलं नाही. मी फक्त फिरवला. फिरवायचा राहिलाय असं धरून चालले. चूक माझी आहे, लिहून घ्या."

"लिहायला जागा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः बाणाला हात लावला नाही. त्या कोर्टकडे वळल्या आणि हात दुसऱ्या दिशेला केला. पिवळ्यांचा चेंडू.

पुढचं तुम्हाला हॉलबाहेरही ऐकू आलं असतं. निळ्यांचे सर टेबलापर्यंत आले, मुंगीकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बारा वर्षांची पोर बघून मिटलं आणि परत गेले. तोफेनं मात्र आपटलेला टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. दादा अजून टेबलापुढेच उभा होता. रिकामे हात तसेच पुढे. तो बघत होता बाणाकडे नाही, पंचांकडे नाही, मुंगीकडे. मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो आपल्या जागी पळाला.

नऊ सेकंद म्हणजे फार नसतात. पिवळ्यांनी चेंडू आत टाकला, निळ्यांनी लगेच फाउल करून घड्याळ थांबवलं. पिवळ्यांच्या आडदांड मुलाला दोन फ्री थ्रो. पहिला आत. दुसरा रिंगवर आपटून बाहेर, आणि तो दादाच्याच हातात. बासष्ट-साठ. चार सेकंद. दादा मध्यरेषा ओलांडून धावला, तीन गुणांच्या रेषेबाहेर थांबला, उडाला. एक पिवळा मुलगा त्याच्यापुढे उडाला. हाताला हात लागला की नाही? सगळा हॉल उभा. डॉक्टरबाई खाली, तोंडात शिट्टी, डोळे त्या दोन हातांवर. शिट्टी वाजली नाही.

चेंडू रिंगच्या काठावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि बाहेर पडला. बझर झाला. या वेळी घड्याळाचा.

टेबल आवरायला नेहमी दहा मिनिटं लागतात. आत्यानं गुणपत्रकाखाली रेघ मारली, सही केली, डॉक्टरबाईंची सही घेतली. डॉक्टरबाई पेन परत देताना मुंगीला म्हणाल्या, "बझर चेंडू द्यायच्या आधी दाबलास. बरोबर वेळ होती." एवढंच बोलून त्या गेल्या. ते शाबासकीसारखं नव्हतं. पट्टीनं मोजून सांगितल्यासारखं होतं.

घड्याळकाकांनी वायर गुंडाळत विचारलं, "घरी कसं जाणार आज?"

"मागच्या दारानं," आत्या म्हणाली. "तिकडे गर्दी नाही. मुंगे, दप्तर घे. निळे पुढच्या दारानं निघतील. आज त्यांच्यासमोर जायला नको. दादाशी उद्या सकाळी बोल, त्याचं डोकं शांत झाल्यावर."

"तो मला काय म्हणेल?"

"ते मी कसं सांगू?" आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. "कदाचित बोलणारच नाही. तेही ऐकायची तयारी ठेव."

हॉलला खरंच दोन दारं होती. मागचं दार सायकलींच्या शेडकडे उघडायचं, तिथून गल्लीत आणि दहा मिनिटांत घर. पुढच्या दाराकडे जायला खेळाडूंच्या खोलीवरून एक अरुंद बोळ होता. बोळात एक बाक, वर एक दिवा, आणि बंद दाराच्या फटीतून गरम पाण्याची वाफ आणि ओल्या बुटांचा वास. आत कपाटांची दारं आपटत होती.

आत्या मागच्या दाराशी पोचली आणि तिनं वळून बघितलं, तर शेजारी कुणी नव्हतं.

मुंगीनं नळावर दादाची बाटली भरली होती. ती घेऊन ती बोळातल्या बाकावर, खोलीच्या दारासमोर बसली. पहिल्यांदा निळ्यांचा चार नंबर बाहेर आला. त्यानं तिच्याकडे बघितलं, थबकला, आणि निघून गेला. मग दोघं एकदम आले. त्यातला एक म्हणाला, "ही बघ, हीच ती." दुसरा म्हणाला, "चल." मुंगीनं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं. मान खाली घातली नाही, बाटली मात्र घट्ट धरली.

मग बराच वेळ कुणीच आलं नाही. आतला नळ बंद झाला. पावलं दाराकडे आली, एक पाय जरासा ओढल्यासारखा, घरी जिन्यावर रोज ऐकू येतो तसा. दाराची मूठ फिरली.

मुंगी बाकावरून उठून उभी राहिली.